२७ वर्षांचं पोरगं माझा मेंटॉर झालंय, मी स्टोअरला जाऊ का?

पत्र:

"नमस्कार. मी वाळूजला एका कंपनीत टर्नर आहे, वय ४६. आयटीआय करून लागलो तेव्हापासून लेथवरच. मागच्या दिवाळीनंतर जुने लेथ काढले आणि व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीन, आणल्या. एचआरने मेंटॉरिंग म्हणून स्कीम सुरू केली, प्रत्येक जुन्या ऑपरेटरला सहा महिन्यांसाठी एक सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, जोडून दिला. माझा मेंटॉर २७ वर्षांचा, डिप्लोमावाला. पोरगा चांगला आहे, मामा मामा करतो, पण तो बोलतो त्यातलं निम्मं कळत नाही आणि मी आपला 'हो हो समजलं' म्हणतो. गेल्या महिन्यात टूलची लेंथ मशीनमध्ये टाकताना दशांशाचा पॉइंट द्यायचा राहिला, १५० टाकलं, टूल सरळ जॉब धरायच्या व्हाइसवर. एंडमिल तुटली, पोराने इमर्जन्सी दाबली म्हणून स्पिंडल वाचला. कुणी काही बोललं नाही पण तेव्हापासून सायकल स्टार्टचं हिरवं बटण दाबताना हात थरथरतो. कॉन्फिडन्स आला की मशीन घेईन म्हणतो, पण तो येतच नाही. सुपरवायझर म्हणाले मामा टेन्शन घेऊ नका, स्टोअरला जागा आहे, पगार तोच, शनिवारपर्यंत सांगा. बायको म्हणते जा गपचूप. पूर्वी पोरं मला विचारायला यायची, आता मीच पोराला विचारतोय. काय करू? – वाळूजचा एक मामा"

मामा, नमस्कार.

तुम्ही सहीच तशी केलीय म्हणून मी पण मामाच म्हणतो. पहिले उत्तर देऊन टाकतो, मग बाकीचं बोलू. स्टोअरला आत्ता जाऊ नका. स्टोअरचं काम हलकं आहे म्हणून नाही हां, चांगला स्टोअरवाला नसला की अख्खा प्लांट इन्सर्टसाठी, म्हणजे कापायच्या छोट्या पात्यांसाठी, बोंबलत फिरतो हे मी पाहिलंय, ट्रेनिंग डिपार्टमेंटला बरीच वर्षं काढलीत. पण तुम्हाला स्टोअर आवडतंय म्हणून तुम्ही जाणार नाही आहात, त्या एका हिरव्या बटणापासून लांब जायचंय म्हणून जाणार आहात. आणि मग रोज खिडकीतून टूल द्यायला तुम्ही उभे आणि घ्यायला समोर तोच पोरगा, ते जास्त लागेल मनाला. शिकून, दोन महिने नीट चालवून मग वाटलं की नको बुवा हे मशीन, तर खुशाल जा, तेव्हा कुणी काही म्हणणार नाही आणि तुम्ही स्वतःला पण काही म्हणणार नाही.

आता ते टूल आदळलं त्याबद्दल, कारण मला वाटतं सगळी गाडी तिथेच अडकलीय. मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला कंट्रोल म्हणतात, तर बऱ्याच फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर, पॅरामीटर कसा सेट केलाय त्यावर आहे, पण बऱ्याच ठिकाणी पॉइंट न देता १५० टाकलं की मशीन ते १५० मायक्रॉन धरतं, म्हणजे ०.१५० एमएम. मशीनच्या हिशोबाने तुमच्या टूलला जवळपास लांबीच नव्हती, म्हणून ते बिचारं दीडशे एमएम जास्त खाली गेलं. ही चूक नवीन माणसाकडून इतकी होते की जवळपास प्रत्येक सेटरकडे याची एक गोष्ट असते, तुमच्या त्या पोराला एकदा विचाराच, तो हसेल आणि स्वतःची सांगेल. लेथवर तुम्ही हँडलच्या डायलवर रेघा मोजत आलात, तिथे पॉइंट नावाची भानगडच नव्हती, मग तुमच्या बोटाला ती सवय असणार कुठून?

आणि ही चूक टूल आदळायच्या आधी पकडायची एक साधी पद्धत आहे, जी तुम्हाला बहुतेक कुणी दाखवली असेल पण हातात बसवली नाही. नवीन सेटिंगनंतर पहिला जॉब घेताना सिंगल ब्लॉक ऑन, म्हणजे प्रोग्रॅमची एक ओळ झाली की मशीन थांबतं, रॅपिड, म्हणजे टूलची न कापता होणारी धाव, २५ टक्क्यांवर किंवा त्याहून कमी, एक हात मध्येच थांबवायच्या फीड होल्ड बटणावर. टूल खाली यायला लागलं की मध्येच थांबवायचं आणि स्क्रीनवर डिस्टन्स टू गो वाचायचं. स्क्रीन म्हणतेय झेडमध्ये, म्हणजे खाली, अजून १३० जायचंय आणि डोळ्याला तर टूल आणि व्हाइसच्या मध्ये ५० पण दिसत नाही, म्हणजे गडबड आहे, पुढे जायचं नाही, रिसेट मारून ऑफसेटचं पान, जिथे टूलची लेंथ टाकतो ते, बघायचं. बस इतकंच. अंतराचा नजरेने अंदाज घेणं हे तर तुमचं रोजचं काम होतं, ते ५० आहे का ३५ आहे हे तुम्ही त्या पोरापेक्षा चांगलं सांगाल. हात थरथरतोय तो भित्रेपणाने नाही, सायकल स्टार्ट दाबल्यावर काय होईल ते आपल्या ताब्यात नाही असं हाताला वाटतंय म्हणून थरथरतोय. थांबवायचं कुठे आणि बघायचं काय हे ठरलं की हात आपोआप शांत होतो, त्याला वेगळं समजवायला लागत नाही.

आता तुमचं ते वाक्य, कॉन्फिडन्स आला की मशीन घेईन. मामा हे उलटं झालंय. अल्बर्ट बांडुरा म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९७७ साली यावर मांडणी केली जी आजपर्यंत लोक वापरतात. त्याचं म्हणणं असं की एखादं काम मला जमेल असं माणसाला वाटायला लागतं ते चार गोष्टींमुळे, आणि त्यातली सगळ्यात जड गोष्ट म्हणजे ते काम आपण स्वतःच्या हाताने केलेलं असणं, छोटं का होईना. दुसरी, आपल्यासारखाच कुणीतरी ते करताना पाहणं. तिसरी, ज्याच्या शब्दाला किंमत आहे अशा माणसाने तुला जमेल म्हणणं. चौथी, आपलं शरीर काय सांगतंय, म्हणजे धडधड, घाम, झोप न झालेली. बहुतेक कंपन्या करतात काय, तर तिसऱ्यावरच सगळा जोर, मामा तुम्हाला जमेल, मामा टेन्शन घेऊ नका, पाठीवर थाप आणि चहा. थाप वाईट नाही पण ती दुपारपर्यंत टिकते, नुसत्या शब्दांवर आलेलं बळ पहिल्या अलार्मला उतरतं.

म्हणून मेंटॉरकडून धीर मागू नका, काम मागा. असं काम की जे आज तुम्हाला एकट्याला येत नाही पण तो शेजारी उभा असला तर येईल. पूर्ण सेटिंग नको. आधी फक्त जी ५४ घ्यायचं, म्हणजे जॉबचा झिरो कुठे आहे ते मशीनला सांगायचं, कड शोधायचा एज फाइंडर लावून एक्स आणि वाय, तेवढंच, आठवडाभर प्रत्येक सेटिंगला ते तुम्हीच घ्यायचं, बाकी तो करेल. मग टूल लेंथ. मग ऑफसेटला वेअर देऊन, म्हणजे आकड्यात थोडी थोडी दुरुस्ती टाकून, साइज आणणं, हे तर तुम्हाला पटकन येईल कारण साइज खेळवणं तुमच्या रक्तात आहे. प्रोग्रॅम वाचणं सगळ्यात शेवटी, आणि ते पण घाबरण्यासारखं नाही, रोज लागणारे कोड मोजकेच असतात, जी ०० म्हणजे रॅपिड, जी ०१ म्हणजे कापत जायचं, ०२ ०३ गोलाई, एम ०३ स्पिंडल चालू, एम ०८ कूलंट, एम ०६ टूल बदल, एम ३० प्रोग्रॅम संपला. तुम्ही इंग्लिश येत नाही म्हणून घाबरत असाल तर इथे इंग्लिश फार नाहीच आहे, आकडे आहेत, आणि आकडे तुम्ही व्हर्नियरवर वाचत आलात.

बांडुराच्या त्या दुसऱ्या गोष्टीचं पण बघा. तुमच्यासारखाच चाळिशी पार केलेला, लेथवरून व्हीएमसीवर गेलेला कुणीतरी वाळूजमध्ये असणारच, तुमच्या नाहीतर शेजारच्या कंपनीत, गावाकडचा, बसमधला, कुणीही. त्याच्याकडे अर्धा तास बसा. २७ वर्षांचा पोरगा बटणं दाबताना पाहून आपल्याला वाटतं हे त्यांच्या पिढीचं काम, पण आपल्याच वयाचा, आपल्यासारखाच चष्मा नाकावर ओढणारा माणूस तेच करताना दिसला की मनातलं गणित बदलतं. तो तुमचा मेंटॉर नसला तरी चालेल, कागदावर नाव असलेला एकच माणूस सगळं पुरवेल असं नसतंच. कॅथी क्रॅम नावाच्या अमेरिकन प्राध्यापिकेने ऐंशीच्या दशकात कंपन्यांमधल्या अशा जोड्यांचा अभ्यास केला होता, तिला दिसलं की मेंटॉर दोन प्रकारची कामं करतो, एक कामात पुढे न्यायचं, शिकवणं, संधी मिळवून देणं, आणि दुसरं मनाला आधार, मैत्री, हा माणूस कामाचा आहे हे मान्य करणं. तुमचा पोरगा पहिलं देऊ शकतो. दुसरं तुम्हाला कदाचित त्या बसमधल्या माणसाकडून मिळेल, आणि त्यात काही बिघडत नाही.

चौथ्या गोष्टीबद्दल, म्हणजे शरीराबद्दल, एकच सांगतो, शिकायचे महिने थर्ड शिफ्ट घेऊ नका. रात्री तीनला डोळे चुरचुरतात, सेटर एकच असतो तो पण दुसऱ्या लाइनला, अशा वेळी नवीन मशीन शिकणं म्हणजे स्वतःवर अन्याय. फर्स्ट शिफ्ट मागा.

आता 'हो हो समजलं'. हे सगळ्यात महाग पडतंय तुम्हाला, एंडमिलपेक्षा पण महाग. यावर एक जुनी गोष्ट सांगतो, हॉस्पिटलची आहे पण लागू पडते. एमी एडमंडसन म्हणून एक संशोधक नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम तपासत होती, औषधं देताना चुका कुठे जास्त होतात ते. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील. निघालं उलटंच, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. मग नीट पाहिल्यावर तिच्या लक्षात यायला लागलं की त्या टीम चुका जास्त करत असतील असं नाही, त्या चुका बोलून दाखवतात. बाकीच्या ठिकाणी लोक झाकत होते. तुमच्या मशीनवर पण हेच चाललंय, तुम्ही समजलं म्हणता, पोराला वाटतं समजलं, तो पुढच्या पानावर जातो, आणि न समजलेलं सगळं साठत साठत एक दिवस व्हाइसवर येऊन पडतं.

पण मला कळत नाही असं मोघम पण सांगू नका, त्याने त्याला काही कळणार नाही आणि तुम्हाला मात्र लाज वाटेल. नेमकं विचारा. टूल बदललं की एच नंबर, म्हणजे टूल लेंथच्या ऑफसेटचा नंबर, बदलतो तो का, आणि नाही बदलला तर काय होईल? जी ५४ आणि ५५ मध्ये फरक काय, आपण दोन व्हाइस लावतो म्हणून का? असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला कुणी ढ म्हणत नाही, असा प्रश्न कामातला माणूसच विचारतो. एक छोटी वही खिशात ठेवा, मराठीत लिहा, तुमच्या भाषेत, चित्रं काढा, कुणाला दाखवायची नाहीये. त्या पॉइंटचं पहिल्या पानावर लाल पेनने लिहा.

आता शिकवायचं कसं याबद्दल, आणि हे तुमच्या त्या पोराला पण वाचायला द्या, कारण डिप्लोमाला मशीन शिकवतात, शिकवायचं कसं ते कुणी शिकवत नाही. १९४० मध्ये अमेरिकेत युद्धाच्या तयारीसाठी एक सरकारी कार्यक्रम सुरू झाला, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री. पुढे कारखान्यातले तयार कामगार फौजेत गेले आणि त्यांच्या जागी ज्यांनी कधी फॅक्टरी पाहिली नाही अशी माणसं आली, पुष्कळ बायका, आणि त्यांच्याकडून पटापट नीट माल काढायचा होता. तर त्यांनी सुपरवायझर लोकांना खिशात मावेल असं एक कार्ड दिलं, त्यावर शिकवायच्या चार पायऱ्या. आधी माणसाला निवांत करायचं आणि त्याला आधीचं काय येतं ते विचारायचं. मग काम करून दाखवायचं, एकेक टप्पा, प्रत्येक टप्प्यात खुबी काय ते सांगायचं. मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि करता करता त्याला तोंडाने बोलायला लावायचं की आता मी हे करतोय, कारण हे. आणि शेवटी त्याला एकटं सोडायचं, अडला तर कुणाकडे जायचं ते नाव सांगून ठेवायचं, येऊन येऊन बघायचं, आणि हळूहळू ते बघणं कमी करत जायचं. त्या कार्डावर असंही छापलेलं होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. युद्धानंतर हे जपानमध्ये गेलं आणि तिथल्या कारखान्यांनी ते अमेरिकेपेक्षा जास्त जीव लावून धरलं, आज आपल्याकडे ज्या जपानी पद्धती मोठ्या कौतुकाने भिंतीवर लावतात त्यातल्या काहींचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडे पहिली पायरी कुणी करत नाही, दुसरी भरधाव होते, तिसरीच्या जागी "समजलं ना मामा?" आणि चौथी म्हणजे एकदम टार्गेट. तिसरीच खरी. म्हणून त्या पोराला सांगा, बाबा तू आता बोलू नको, मी करतो आणि मी बोलतो, चुकलं तर थांबव. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल, मशीनसमोर एकट्याने बडबड, पण त्यातून त्याला दिसेल की तुमची गाडी नेमकी कुठे घसरते आणि तुम्हाला दिसेल की निम्म्याहून जास्त तर येतंय.

आणि एक नियम ठरवून घ्या दोघांत, तुमची पाळी असताना त्याने पॅनेलला हात लावायचा नाही. इमर्जन्सी सोडून. हा नियम छोटा वाटतो पण मी सांगतो, मोठ्या माणसाचा आत्मविश्वास घालवायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे "थांबा मामा मी करतो" म्हणत त्याच्या हातातून काम घेणं. त्यात प्रेमच असतं, घाई असते, लोड असतो, पण समोरच्याला ऐकू काय येतं, तर तुमच्याने होणार नाही. दहा वेळा असं झालं की माणूस स्वतःच हात मागे घ्यायला लागतो. त्याने बोटाने दाखवावं, तोंडाने सांगावं, बटण तुम्हीच दाबायचं. पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

आता मला जे तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त लागलं ते, पूर्वी पोरं मला विचारायला यायची. मामा ती अजून पण येतील, पण तुम्ही दुकान बंद करून बसलात तर कशी येणार? त्या पोराला प्रोग्रॅम येतो, ऑफसेट येतात, पण पातळ भिंतीचा जॉब किर्र करून वाजायला लागला की तो काय करतो ते बघा, बहुतेक फीड, म्हणजे कापत पुढे जायचा वेग, कमी करेल आणि आवाज अजून वाढेल. तुम्हाला आवाजावरून कळतं की जॉब नीट धरलेला नाही का टूल जास्त बाहेर काढलंय. चिप निळी पडतेय का ते तुम्ही न सांगता बघता. आणि गरम जॉब लगेच मोजू नये हे तुम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, पण पुस्तकात आहे, १०० एमएमचा स्टीलचा जॉब १० डिग्री गरम असला तर साधारण ११-१२ मायक्रॉन फुगलेला असतो, टॉलरन्स, म्हणजे साइजमध्ये चालणारा फरक, जर २० मायक्रॉन असेल तर निम्म्याहून जास्त तिथेच संपला. नवीन पोरं गरम गरम मोजतात, वेअर देतात आणि मग संध्याकाळी क्वालिटीवाला अंडरसाइज म्हणून ट्रे परत पाठवतो. हे त्याला द्या. उपदेश म्हणून नको, आमच्या काळी वगैरे तर अजिबात नको, मशीनवर तो प्रसंग आला की तेव्हा सांगा, थांब रे जरा, गार होऊ दे, मग लाव मायक्रोमीटर.

हे देणं-घेणं काही मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जीई कंपनीचा प्रमुख जॅक वेल्श याने आपल्या शेकडो वरिष्ठ साहेबांना सांगितलं होतं की खालच्या तरुण लोकांकडून इंटरनेट शिकून घ्या, स्वतः पण बसला. एसी केबिनवाले साहेब पोरासोरांकडून शिकले की त्याला रिव्हर्स मेंटॉरिंग असं भारी नाव मिळतं आणि शॉप फ्लोअरवर टर्नर शिकला की त्याला कमीपणा वाटतो, हे मला काही पटत नाही.

आता कंपनीच्या बाजूने थोडं, कारण सगळा भार तुमच्याच डोक्यावर टाकणं बरोबर नाही. तुमच्या मेंटॉरला त्याचं स्वतःचं टार्गेट आहे का? म्हणजे त्याने त्याच्या चार मशीन सांभाळून उरलेल्या वेळात तुम्हाला शिकवायचं अशी व्यवस्था असेल तर ते मेंटॉरिंग फक्त एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये आहे, घाईत तो थांबा मामा मी करतो म्हणणारच, त्याला तरी दोष कसा द्यायचा. दुसरं, तो तुमचा रिपोर्ट लिहितो का हे एचआरला सरळ विचारा. शिकवणारा आणि मार्क देणारा एकच असला की माणूस चुका झाकणारच. रिपोर्ट असेल तर त्यात काय लिहिलं जातं ते तुम्हाला दाखवलं पाहिजे असं म्हणा, हक्काने म्हणा.

आणि ही जादूची कांडी नाही हे पण माहीत असू द्या. २००८ मध्ये अमेरिकेत अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तर मेंटॉर असलेल्यांना फायदा दिसला पण सरासरीने तो लहानच निघाला. मला त्याचं नवल वाटत नाही, कारण सरासरीत नावापुरत्या जोड्या पण येतात आणि जीव लावून शिकवणारे पण. म्हणून दीड-दोन महिन्यांत तुमचं आणि त्याचं जमतच नाहीये असं वाटलं, तर दुसरा मेंटॉर मागा. त्यात भांडण नाही, सूत जुळत नाही एवढंच.

जमलं तर मात्र एक लक्षात ठेवा, सहा महिने संपले की त्याने बाजूला व्हायला पाहिजे, आणि त्याच्या आधीपासून हळूहळू. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधतात ना, तो सुटला नाही तर माणूस जन्मभर काठाशीच राहतो. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातला एक दिवस असा ठेवा की तो लाइनवर असेल पण तुमच्या मशीनवर येणार नाही, तुम्ही हाक मारली तरच येईल. हाक मारायच्या आधी वही बघायची, मग दोन मिनिटं स्वतः विचार करायचा, मग हाक. हाका कमी होत जातात ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

चिकलठाण्याला इंडो जर्मन टूल रूम आहे तुमच्याच शहरात, तिथे सीएनसीचे छोटे कोर्स चालतात, जाऊन चौकशी करा. पण मेंटॉरऐवजी म्हणून नको, त्याच्या जोडीला. क्लासमध्ये सिम्युलेटरवर टूल आदळलं तर काही तुटत नाही, हात मोकळा व्हायला ते बरं असतं, आणि सोमवारी मशीनवर आल्यावर पोराला विचारायला प्रश्न पण नेमके मिळतात.

वहिनींना रागावू नका हां, त्या जा म्हणतायत कारण तुम्ही घरी येऊन गप्प बसताय ते त्यांना बघवत नाही. त्यांना ती पॉइंटची गोष्ट सांगा, हसत सांगा, नाहीतरी आता घडून गेलंय.

शनिवारी साहेबांना काय सांगायचं ते पण लिहून देतो, असंच्या असं म्हटलंत तरी चालेल: "साहेब, स्टोअरची जागा दिलीत त्याबद्दल आभार, पण मला मशीनवर राहायचंय. सहा महिन्यांची स्कीम आहे ती पूर्ण करू द्या. तोपर्यंत मला फर्स्ट शिफ्ट द्या, आणि माझ्या मेंटॉरला रोज एक तास त्याच्या मशीनवरून सोडा, त्या तासाचं प्रॉडक्शन त्याच्या नावावर धरू नका. दर महिन्याला मी काय काय एकट्याने करतोय ते तुम्ही येऊन बघा आणि कुणाला काय येतं त्या स्किल मॅट्रिक्सच्या तक्त्यावर लिहा." साहेब तासाला नाही म्हणाले तर अर्ध्या तासावर या, पण तो अर्धा तास रोजचा पाहिजे आणि सकाळचा पाहिजे, शिफ्ट सुटायच्या वेळचा नको, तेव्हा सगळ्यांचं लक्ष बसकडे असतं.